कोकणात छोट्या वसाहतीला कायमची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर कातळावर आमची चौदा घरांची वसाहत आहे. तिथे कायमची वीज येईपर्यंत दोन पावसाळे गेले. त्या काळात कागदांची पिशवी घेऊन कार्यालयांत जायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हापासून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. दर आणि शुल्कं बदलत राहतात. त्यांचे रुपयांतले आकडे म्हणून मुद्दाम दिलेले नाहीत. अर्ज कराल त्या दिवशी लागू असलेलं महावितरणचं दरपत्रक पाहा.

विजेचा विचार कधी सुरू करायचा?

जमिनीचे प्लॉट पाडायला मोजणीदार येतो तेव्हा. त्याच नकाशात डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) जागा, पोलांची किंवा केबलची वाट आणि मीटरची जागा दाखवून घ्या. आमच्याकडे हे झालं नव्हतं. रस्ते झाले, चिऱ्याचे गडगे बांधून झाले, सगळे प्लॉट विकले गेले आणि मग कळलं की डीपीला जागाच ठेवलेली नाही. आपल्या फाटकासमोर डीपी कुणालाच नको होती. सहा महिने नुसत्या बैठका झाल्या. शेवटी एका मालकाने कोपरा सोडला, पण तोवर नवा काँक्रीटचा रस्ता दोन ठिकाणी फोडावा लागला.

दुसरी गोष्ट ऋतूची. जून ते सप्टेंबर इथे पोलाचा खड्डा खणून उपयोग नसतो, खणताखणता पाण्याने भरतो. वायरमन मंडळीही त्या दिवसांत पडलेल्या फांद्या आणि तुटलेल्या तारांमागे असतात. दसऱ्याच्या सुमारास अर्ज पडला, तर मेच्या मध्यापर्यंत काम उरकण्याची शक्यता असते. फेब्रुवारीत अर्ज केला की एक पावसाळा गेलाच म्हणून समजा.

अर्ज कुठे करायचा?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे महावितरणच्या कोकण परिमंडळात येतात, त्याचं मुख्यालय रत्नागिरीला आहे. रायगडची बरीचशी गावं पेण मंडळात येतात आणि ते भांडुप परिमंडळाखाली आहे. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून करता येतो. तरी त्याआधी आपल्या शाखा कार्यालयातल्या अभियंत्याला जागेवर घेऊन या. जवळचा फीडर (उपकेंद्रातून येणारी मुख्य वाहिनी) कुठला, त्यावर किती भार आहे, सगळ्यात जवळचा एचटी (उच्चदाब लाइनचा) पोल कुठे उभा आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. पुढे शाखेतून उपविभाग, मग विभाग असा कागद चढतो. मोठ्या भाराचं एस्टिमेट मंडळ कार्यालयापर्यंत जातं.

अर्ज कोणाच्या नावाने?

इथे दोन कामं आहेत आणि लोक ती एकत्र करतात. पहिलं काम पायाभूत सुविधेचं, म्हणजे डीपी, एचटी लाइन आणि वसाहतीतली एलटी (लघुदाबाची) लाइन किंवा केबल. हा अर्ज विकासकाच्या नावाने करावा, किंवा संस्था नोंदलेली असेल तर संस्थेच्या. दुसरं काम प्रत्येक घराच्या मीटरचं, तो अर्ज त्या त्या घरमालकाने करायचा. रस्त्यावरचे दिवे, विहिरीचा पंप, फाटक यांच्यासाठी संस्थेच्या नावाने वेगळा मीटर लागतो. निव्वळ निवासी वसाहतीतल्या अशा सामायिक वापराला घरगुती दर लागतो. मंजुरीत तसं लिहिलंय ना, हे पाहून घ्या. चुकून व्यापारी दर लागला, तर तो बदलून घेण्यात महिने जातात.

कागद कोणकोणते लागतात?

सातबारा, बिनशेती आदेश किंवा त्याऐवजी आता जो दाखला तुमच्या जागेला लागू असेल तो, मंजूर आराखडा, बांधकाम परवानगी, अर्जदाराचं ओळखपत्र आणि पॅन, संस्था असेल तर नोंदणी आणि ठराव, आणि घरातलं वायरिंग झाल्यावर परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा चाचणी अहवाल. समुद्राजवळ असाल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी बांधकाम परवानगीतच पाहिली जाते. ती नसताना घर उभं असेल, तर विजेचा अर्ज हा तुमचा पहिला प्रश्न राहत नाही.

कोकणातली खरी अडचण सातबाऱ्यावरच्या नावांची. आजोबांच्या काळापासून वाटण्या झालेल्या नाहीत, नावं सतरा, त्यातली पाच मुंबईत, दोन सुरतेला, तिघं वारलेले आणि वारस लागलेले नाहीत. प्लॉट खरेदी केलेल्यांचे फेरफार झालेले असतील तर अडत नाही. पण डीपीची जागा किंवा आत येणारी वाट अजून सामाईक गटात असेल, तर तिथे सगळ्यांच्या सह्या मागितल्या जातात. फेरफार आधी करून घ्या. तलाठ्याकडचा एक महिना तुमचे पुढचे सहा महिने वाचवतो.

भार किती मागायचा? कमी मागितला तर खर्च कमी होईल ना?

सुरुवातीला होईल. दोन वर्षांनी भारवाढीचा अर्ज, मोठी डीपी, जाड केबल असं सगळं पुन्हा करावं लागेल.

आमचाच हिशेब सांगतो. चौदा घरं, प्रत्येकी ५ किलोवॅट, म्हणजे ७० किलोवॅट जोडलेला भार. सगळी घरं एकाच वेळी सगळं चालवत नाहीत, म्हणून शहरात साधारण निम्मा धरतात: ३५. त्यात ५ एचपीचा पंप, म्हणजे ३.७ किलोवॅट. वीस पथदिवे ३० वॅटचे, म्हणजे ०.६. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ७.४ किलोवॅटचे दोन चार्जर, म्हणजे १४.८. बेरीज ५४ किलोवॅटच्या आसपास. पॉवर फॅक्टर ०.९ धरला, म्हणजे किलोवॅटला ०.९ ने भागलं, तर ६० केव्हीए (डीपीची क्षमता याच मापात सांगतात). कागदावर ६३ केव्हीएची डीपी पुरते, आणि आमच्या पहिल्या एस्टिमेटमध्ये तीच होती.

पण हा निम्म्याचा हिशेब कोकणातल्या वसाहतीला लागू पडत नाही. इथली निम्मी घरं वर्षभर बंद असतात आणि मग मे महिन्यात, गणपतीत, शिमग्याला, नाताळच्या सुट्टीत एकाच रात्री सगळी उघडतात. मेच्या उकाड्यात रात्री अकराला चौदाच्या चौदा घरांत एसी चालू असतात, गिझर सकाळी सातला एकदमच लागतात. म्हणून निम्म्याऐवजी सत्तर टक्के धरून पाहा. ४९ अधिक बाकीचे १९, म्हणजे ६८ किलोवॅट, म्हणजे ७५ केव्हीएच्या पुढे. ६३ ची डीपी त्या रात्री जळणार किंवा तिचा डीओ (एचटी बाजूचा फ्यूज) उडत राहणार. त्यापुढची डीपी १०० केव्हीएची, ती आम्ही मागून घेतली. एस्टिमेट करणाऱ्या अभियंत्याला हे नीट समजावून सांगितलं, तर तो ऐकतो. बाजूच्या वाडीत गणपतीत काय होतं ते त्यानेही पाहिलेलं असतं.

डीपी साधारण २५, ६३, १००, २००, ३१५ केव्हीए अशा ठरीव मापांत मिळते. म्हणून हिशेब सीमेवर येत असेल तर वरचं माप घ्या.

डीपी वसाहतीतच हवी का? गावातली आहे ना.

दोन-तीन घरं असतील आणि गावची डीपी जवळ असून तिच्यावर जागा असेल, तर तिच्यावरूनच जोडणी होते. दहा-पंधरा घरांना ते क्वचित पुरतं. भारापेक्षाही इथे अंतर आड येतं. एलटी लाइन चारशे-पाचशे मीटर लांब गेली की शेवटच्या घरात दाब पडतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांचा चढउतार नियमात बसतो, म्हणजे २१६ पर्यंत. शेवटच्या घरात संध्याकाळी १८० व्होल्ट मिळाले, तर पंप नुसता घुमतो, उचलत नाही, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर जातो. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांना हे नवीन नाही. डीपी भाराच्या मधोमध हवी, फाटकाजवळ सोयीची म्हणून नको.

जागा अर्जदारानेच द्यायची असते आणि ती नाममात्र भाड्याने महावितरणला करार करून दिली जाते. जागा निवडताना तीन गोष्टी पाहा. ट्रक आणि क्रेन तिथवर पोचते का, कारण डीपी कधीतरी बदलावी लागतेच. पावसाचं पाणी साचतं का. आणि वर माड, आंबा, फणस आहे का. माडाची एक झावळी पडली तरी रात्रभर अंधार होतो.

एचटी लाइन दुसऱ्याच्या बागेतून आणायची आहे. तो नाही म्हणाला तर?

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. जमिनीवरून लाइन नेण्याबाबतचे नियम २००६ सालचे आहेत. त्यांत मालकाची संमती घेऊन काम करावं असं म्हटलं आहे. मालकाने हरकत घेतली, तर महावितरणला जिल्हाधिकाऱ्यांकडून परवानगी घेता येते. म्हणजे रस्ता बंद नसतो, पण लांबचा असतो.

त्याऐवजी माणसाशी बोला. हापूसच्या बागेतून तार गेली की दर वर्षी फांद्या छाटल्या जातात, मोहर जातो, आणि तारेखाली पुढे घर बांधता येत नाही. त्याची भीती खरी आहे. आम्ही पोलांची रेघ त्याच्या बांधावरून वळवली, दोन पोल वाढले, आणि तो सही करायला तयार झाला. दोन पोलांचा खर्च भांडणापेक्षा पुष्कळ कमी होता.

सह्यांसाठी गणपतीचे दिवस धरा. चाकरमानी गावाला असतात, सगळे सहहिस्सेदार एका घरात जेवायला बसलेले असतात. आमची चार संमतीपत्रं गौरीविसर्जनाच्या आदल्या दिवशी एका पडवीत झाली. एरवी त्याच चार सह्यांसाठी बोरिवली, डोंबिवली, नालासोपारा करावं लागलं असतं. संमतीपत्र आणि लाइन कुठून जाणार याचा नकाशा तयार ठेवा, सह्या झाल्या की लगेच नोटरी करून घ्या.

लाइन रस्त्याकडेने आणायची असेल तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग यांपैकी रस्ता ज्याचा, त्याची परवानगी लागते.

खर्च कोण करतो, महावितरण की आपण?

विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ नुसार मागेल त्याला वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. त्याच कायद्याचं कलम ४६ म्हणतं की लाइन टाकण्याचा वाजवी खर्च, नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, अर्जदाराकडून घेता येतो. वाद होतो तो या दोन कलमांच्या मधल्या जागेत.

केवळ तुमच्या वसाहतीसाठी आणि सलग एकाच आवारासाठी जी सुविधा उभी राहते, तिला समर्पित वितरण सुविधा म्हणतात. कार्यालयात तुम्हाला डीडीएफ हा शब्द ऐकू येईल. तिचा खर्च अर्जदारावर येतो. पण त्याच लाइनवरून पुढच्या वाडीलाही वीज जाणार असेल, तर ती केवळ तुमच्यासाठी राहत नाही. एस्टिमेट हातात आलं की हाच प्रश्न लेखी विचारा: या लाइनवरून आणखी कोणाला जोडणी दिली जाणार आहे का? उत्तर लेखीच मागा. तोंडी दिलेली उत्तरं अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जातात.

काम करून घेण्याचे मार्ग दोन. एक, ठरलेलं शुल्क भरून महावितरणकडून. दुसरा, परवानाधारक कंत्राटदार आपण नेमायचा, सामान त्यांच्या मापदंडाप्रमाणे घ्यायचं आणि महावितरणला फक्त देखरेखीचं शुल्क भरायचं. हे शुल्क आयोगाच्या आदेशांत ठरीव खर्चाच्या १.३ टक्के असं राहिलं आहे, म्हणून कंत्राटदारांच्या बोलण्यात ‘वन पॉइंट थ्री’ येतं. छोट्या वसाहती बहुतेक दुसऱ्या मार्गाने जातात, कारण वेळ आपल्या हातात राहतो. मात्र स्वस्त पडतो म्हणून पातळ तार, हलका पोल घेऊ नका. तपासणीत तो काढायला लागतो, आणि सुटला तर पहिल्याच वादळात पडतो.

काम झाल्यावर डीपी आणि लाइन महावितरणकडे हस्तांतरित होते आणि तिची देखभाल त्यांच्याकडे जाते. हस्तांतराचा कागद न चुकता ताब्यात घ्या. तो नसेल तर डीपी बिघडल्यावर ‘ही तुमची खाजगी’ असं ऐकावं लागतं.

प्रत्येकाचा वेगळा मीटर घ्यायचा, की संस्थेचा एकच आणि आत पोटमीटर?

कायद्याने दोन्ही चालतं. गृहनिर्माण संस्थांना एकाच ठिकाणी वीज घेऊन सभासदांना वाटण्याची मुभा २००५ पासून आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या बदलानुसार निम्म्याहून जास्त मालकांनी पारदर्शक मतदानाने जे ठरवलं, ते वितरण कंपनीने मानायचं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: छोट्या वसाहतीत वेगळे मीटर घ्या. एकच मीटर असेल तर बंद घरांच्या मालकांकडून पैसे गोळा करण्याचं काम सचिवावर पडतं, आणि तीन जणांनी भरले नाहीत तर उरलेल्या अकरांची वीज कापली जाते. शेजाऱ्यांची मनं दुखावतात ती अशाच गोष्टींवरून.

पोलांवरून तार की जमिनीखालून केबल?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात पोल काडीसारखे मोडले आणि पुष्कळ गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. ते दिवस पाहिलेला माणूस केबलच मागतो. अलिबाग शहरात चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून वाहिन्या भूमिगत करण्याचं काम झालं ते याच कारणाने.

केबल महाग असते आणि कातळात चर खणणं त्याहून महाग. ब्रेकर लावून जांभा फोडावा लागतो. एलटी केबल पाऊण मीटर आणि अकरा हजार व्होल्टची सुमारे एक मीटर खोल हवी, खाली-वर वाळू, वर विटा किंवा फरशी, मग माती. कंत्राटदार कातळ लागला की फूटभरावर थांबतो. चर बुजवण्यापूर्वी स्वतः टेप लावून मोजा आणि फोटो काढा. कुठून कुठे गेली त्याची मापं गडग्यापासून घेऊन नकाशावर लिहा, नाहीतर पुढे नळाची लाइन टाकणारा पहारीने तिलाच गाठतो. केबल बिघडली तर दोष शोधायला वेळ लागतो, हेही खरं.

आम्ही मधला मार्ग काढला. बाहेरची एचटी पोलांवरून, वसाहतीतली एलटी जमिनीखालून. झाडं आत होती, म्हणून आतलीच तार जास्त धोक्यात होती. तुमच्याकडे झाडं बाहेर असतील तर हिशेब उलटा करा.

खाऱ्या वाऱ्याचं काय करायचं?

समुद्राजवळ इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. पावसाळ्यात जोराच्या सरी तो धुऊन टाकतात. खरा त्रास होतो तो पहाटेच्या धुक्यादवात. मीठ ओलं झालं की त्यावरून वीज गळते, ठिणग्या उडतात आणि फीडर बंद पडतो. म्हणून किनाऱ्यालगत पॉलिमरचे इन्सुलेटर मागा. लोखंडी सामान गरम झिंकात बुडवलेलं हवं, नुसता चंदेरी रंग मारलेलं एका पावसाळ्यात गंजतं. मीटर पेटी लोखंडी पत्र्याची घेऊ नका. ती समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका, आणि पागोळ्या पडतात तिथे तर मुळीच नको. पडवीची आतली बाजू बरी, पण वायरमनला कुलूप न उघडता वाचता येईल अशी.

अर्थिंगबद्दल एवढं का सांगतात?

कारण कातळात अर्थिंग लागत नाही. मातीत आठ फूट सळी सहज जाते, इथे दोन फुटांवर दगड लागतो. मग कंत्राटदार दोन फुटांची सळी पुरून वरून सिमेंट करतो. पावसाळ्यात ओलीमुळे आकडा बरा येतो आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. तेव्हाच वळवाच्या विजा कडाडत असतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी वळवाच्या एका रात्रीत तीन घरांतले टीव्ही, राउटर, पंपाचा स्टार्टर गेले.

उपाय आहे. बोअर मारून खोल सळी सोडायची, भोवती माती आणि ओल धरून ठेवणारं मिश्रण भरायचं, आणि सगळ्या अर्थिंग पट्टीने एकमेकांना जोडायच्या. डीपीला तर न्यूट्रल, बॉडी आणि लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेचा धक्का जमिनीत सोडणारं उपकरण) यांची अर्थिंग वेगवेगळी लागते. मोजमाप मे महिन्यात घ्या, श्रावणात घेतलेला आकडा फसवतो. प्रत्येक घराच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं स्विच) बसवा. ओल्या भिंतींच्या प्रदेशात त्याने माणसं वाचतात. सतत पडतं म्हणून ते काढून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. ते पडतंय म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती शोधा.

प्लॉटवरून आधीच लाइन गेली आहे. घर बांधता येईल?

अंतर पाळून. एलटी तार छताच्या वर किमान अडीच मीटर आणि बाजूने १.२ मीटर लांब हवी. ११ केव्हीची वर ३.७ मीटर, बाजूने १.२, ३३ केव्हीची बाजूने २ मीटर. हे अंतर तार वाऱ्याने झुलून जिथवर येते तिथून मोजतात. गच्चीवर पुढे पत्र्याची शेड घालायचा विचार असेल, तर तिच्या उंचीपासून मोजा. लाइन हलवायची असल्यास अर्ज करता येतो, खर्च मागणाऱ्याचा.

बांधकामाची तात्पुरती जोडणी आहे. तीच चालू ठेवली तर?

नको. तात्पुरत्या जोडणीचा दर जास्त असतो आणि ती दिलेल्या कामापुरती असते. आमच्या विकासकाने तिच्यावरून पोटमीटर टाकून आठ घरांना वीज दिली. दर महिन्याला आम्ही त्याला पैसे देत होतो, आणि तो बिल भरत नव्हता. ऐन पावसाळ्यात एका दुपारी वायर सोडली गेली. घरात म्हातारी माणसं होती, एका घरात तान्हं मूल होतं. बिल आमच्या नावाने नव्हतं, त्यामुळे आमचं म्हणणं मांडायलाही आम्हाला जागा नव्हती.

शिवाय थकबाकी जागेला चिकटते. नवा मालक आला तरी, नियमांत तरतूद असेल तिथे, जुनी थकबाकी मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. खरेदीखतापूर्वी त्या जागेवरच्या प्रत्येक ग्राहक क्रमांकाचं बिल पाहा.

विकासक म्हणतो, ‘वीज तुमची तुम्ही बघा.’

करारनामा काढून वाचा. ‘वीज उपलब्ध’ याचा अर्थ गावात पोल आहे एवढाच निघू शकतो. डीपी, एचटी लाइन, अंतर्गत केबल कोणाच्या खर्चाने आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असायला हवं. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि घरं आठांपेक्षा जास्त असतील, तर तो महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणात) नोंदवलेला असणं बंधनकारक आहे. तिथे विकासकाने कोणत्या सुविधा देऊ म्हटलं आहे, ते कुणालाही पाहता येतं. प्लॉट अजून घेतला नसेल, तर ही दहा मिनिटं नक्की काढा.

घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं आहे. मीटर कुठला?

अर्जातच खरं सांगा. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, वर्षाला ३६०० पर्यंत असेल, तर घरगुती दर लावण्याची तरतूद गेली काही वर्षं दर आदेशांत आहे. त्यापुढे व्यापारी दर. राज्याच्या पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदणी केली असेल तर तो दाखला जोडा आणि त्या वर्षीच्या आदेशात त्याला कोणता दर आहे ते विचारा. घरगुती मीटरवर सहा खोल्या चालवून पुढे फरकाचं बिल आलेली माणसं ओळखीची आहेत.

किती दिवसांत जोडणी मिळायला हवी?

लाइन वाढवायची नसेल तर ग्रामीण भागात १५ दिवस, डोंगराळ भागात ३० दिवस, असं केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्तीत आहे. डीपी आणि लाइन लागणार असेल तर आयोगाने ठरवलेली वेगळी मुदत लागू होते. आमच्यासारख्या वसाहतीने अर्ज ते वीज असा आठ-नऊ महिन्यांचा हिशेब धरावा, आणि त्यातला बराचसा वेळ संमती आणि परवानग्यांचा असतो.

अडलं तर आधी १९१२ वर तक्रार करून क्रमांक घ्या, उपविभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येतं आणि वकिलाची गरज नसते. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. आम्ही मंचापर्यंत गेलो नाही, पण अर्ज तयार करून ठेवला होता, आणि तारखांची वही असल्यामुळे कार्यालयातलं बोलणं बदललं.

छपरावर सौर बसवलं तर या सगळ्यातून सुटका?

नाही. बॅटरीशिवायची यंत्रणा ग्रिड बंद पडलं की बंद पडते, त्यामुळे कायमची जोडणी लागतेच. ती झाली की जरूर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत घराला ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि संस्थेच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. पॅनेलचा सांगाडा गंज न धरणाराच घ्या आणि वादळाच्या वाऱ्याला टिकेल असा छताच्या काँक्रीटमध्ये धरा.

चार्जिंगच्या, म्हणजे लाइनमध्ये पहिल्यांदा वीज सोडण्याच्या दिवशी काय पाहायचं?

डीपी सुरू करण्याआधी विद्युत निरीक्षकांची परवानगी झालेली हवी, तिची प्रत घ्या. सगळ्या घरांचे मेन स्विच बंद ठेवून मगच वीज सोडायला सांगा. मग सगळ्यात शेवटच्या घरात जाऊन तिन्ही फेजचे व्होल्ट मोजा, पंप चालवून तो उलटा फिरत नाही ना ते बघा, आणि कुठल्या घराला कुठला फेज दिला ते लिहून घ्या. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात नऊ घरं एकाच फेजवर होती. संध्याकाळी त्यांचे दिवे मंद आणि बाकीच्यांचे लख्ख. वायरमनने अर्ध्या तासात वाटणी सारखी केली.

नव्या मीटरच्या पहिल्या आकड्याचा फोटो काढा. जुन्या तात्पुरत्या मीटरचं शेवटचं रीडिंग वायरमनसमोर घ्या, तो मीटर काढल्याचा अहवाल मागा आणि त्याची अनामत परत मिळावी म्हणून अर्ज त्याच दिवशी शाखा कार्यालयात द्या.